तिला यंदा तसाही उपयोग नाही

 

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : कामाच्या ठिकाणची स्त्री-पुरुष समानतेची धोरणं, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांना त्यांच्याबद्दल काय वाटतं. मी लगेच फोन केला. म्हटलं, अहो, यावर एखाद्या बाईंना बोलवा, मी काय सांगणार? ते म्हणाले, कर्नलसाहेब, तुम्ही धोरणं राबवणाऱ्याच्या खुर्चीत इतकी वर्षं बसलात, तिथून काय दिसलं ते सांगा. घरी सौ.ला हे सांगितलं. तिनं फौजेतल्या बदल्यांपायी सात गावांत सात शाळांतून शिकवलं आहे, दर वेळी नव्यानं, दर वेळी सगळ्यात कमी पगारावर. ती म्हणाली, "काय दिसलं ते सांगू नका. काय दिसलं नाही ते सांगा. वेळ पुरणार नाही."

तर तेच करतो.

थोडी ओळख. मी इंदूरचा. खडकवासल्याला एन.डी.ए.त गेलो, तिथंच पदवी मिळाली, १९८२ साली सिग्नल्समध्ये कमिशन. २०१४ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि हैदराबादला स्थायिक झालो. तिथं एका मोठ्या कंपनीत ॲडमिनचा प्रमुख म्हणून सहा वर्षं काम केलं. कॅब, कँटीन, सिक्युरिटी, पाळणाघर, हे सगळं माझ्याकडं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तक्रार कंपनीची नाही. जी आहे ती बरीचशी माझीच आहे.

सुरुवात २००२ पासून करतो. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. पुढचा ऑक्टोबर येईपर्यंत आम्ही राजस्थानात होतो. माझ्याकडं एका सिग्नल रेजिमेंटची कमान होती. त्यात दोन कॅप्टन होते, एक मुलगा, एक मुलगी. दोघं चेन्नईच्या ओ.टी.ए.मधून एकाच बॅचला बाहेर पडलेले, दोघं शॉर्ट सर्व्हिसवाले. ती अमरावतीकडची. आम्ही दोघंच असलो की मराठीत बोलायचो.

सिग्नल्सचं काम म्हणजे दळणवळण. पुढच्या तुकड्यांबरोबर आमच्या छोट्या डिटॅचमेंट असतात. एक अधिकारी, काही जवान, रेडिओ सेट, जनरेटर, तंबू. मागं मुख्यालयात कम्युनिकेशन सेंटर असतं. पुढं कोण जाणार ते मी ठरवायचो. मी मुलाला पुढं पाठवलं आणि तिला मागं ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं मला. असा लेखी नियमही माझ्यासमोर नव्हता. मला वाटलं, पुढं सोय नाही, वाळवंट आहे, मुलीची जात आहे, उद्या काही झालं तर तिच्या आईवडिलांना काय तोंड दाखवू. म्हणजे हेतू चांगला. हेतू चांगला होता हे मी आज मुद्दाम सांगतोय, कारण पुढं तो सारखा आडवा येणार आहे.

ती एकदा आली आणि विचारलं, "सर, मला पुढं का नाही?"

मी म्हटलं, "अगं, तिथं बाथरूमची सोय नाही."

ती म्हणाली, "सर, दोन ताडपत्र्या आणि एक खड्डा. मी माझा खणते."

मी हसलो आणि विषय संपवला. माझे सुभेदारसाहेब हरियाणाचे होते, अगदी जुन्या वळणाचे, घरातल्या बायका डोक्यावरून पदर घेणाऱ्या. तेसुद्धा नंतर मला म्हणाले, "साहब, भेज देते। रेडियो सेट को क्या पता कौन बोल रहा है।" मी त्यांचंही ऐकलं नाही.

वर्षअखेर गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली. नागरी श्रोत्यांसाठी सांगतो, फौजेत अधिकाऱ्याची सगळी वाटचाल या कागदावर चालते. नऊ आकड्यांपैकी एक आकडा द्यायचा. नऊ म्हणजे असामान्य, आठ म्हणजे चांगला, पण असामान्य नाही. कमांडिंग ऑफिसरचा भाग संबंधित अधिकाऱ्याला दाखवून त्याची सही घेतात. मुलाला मी नऊ दिले, तिला आठ.

कारण सांगतो. त्याचा परमनंट कमिशनचा विचार लवकरच व्हायचा होता. त्याला नऊची गरज होती. तिला तो मार्गच बंद होता. १९९२ साली स्त्रियांसाठी जी खास भरती सुरू झाली, ती सुरुवातीला पाच वर्षांची होती. मग दहा झाली, पुढं चौदा. पण कायमचं कमिशन नाही. मी मनात म्हटलं, तिला नऊ देऊन काय होणार? तिला तसाही उपयोग नाही. शिवाय मुलगा दहा महिने पुढं होता, त्याच्याबद्दल लिहायला प्रसंग होते. तिच्याबद्दल मी काय लिहिणार? 'मुख्यालयातलं कम्युनिकेशन सेंटर उत्तम सांभाळलं.' आणि तिला मुख्यालयात कुणी ठेवलं होतं? मी.

तिनं अहवाल वाचला, सही केली, सॅल्यूट केला, गेली. मी समाधानानं चहा मागवला.

पुढं २००७ मध्ये ती दहा वर्षं पूर्ण करून बाहेर पडली. पेन्शन नाही, कारण त्याला वीस वर्षं लागतात. निरोपाच्या वेळी मी दुसरीकडं होतो, पत्र पाठवलं. छान पत्र होतं.

आता हैदराबादला येऊ.

फौजेतून आलेल्या माणसाला कंपन्या का घेतात? शिस्त, वक्तशीरपणा, कागद चोख. मीही तसाच. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा नुकताच लागू झालेला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. मी भिंतीवर फलक लावले, प्रशिक्षण घेतलं, समिती केली, तिच्यात स्वतः सदस्य झालो. मग २०१७ मध्ये मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. तेही केलं. भिंतीवर जिराफ रंगवले. रात्रपाळीच्या बायकांसाठी कॅब, कॅबमध्ये जी.पी.एस. आणि नियम असा की पहिली पिकअप आणि शेवटचा ड्रॉप बाईचा नसावा, असलाच तर बरोबर गार्ड हवा.

एवढं सगळं झाल्यावर मी एक फॉर्म पाठवला. आमच्या धोरणांबद्दल तुम्ही समाधानी आहात का? जवळजवळ सगळ्या बायकांनी 'समाधानी'वर टिक केलं. मी त्याचा रंगीत तक्ता केला आणि मीटिंगमध्ये दाखवला. टाळ्या पडल्या.

एक दिवस कँटीनमध्ये एक तेलुगू बाई, हिशेब विभागातली, वयानं पन्नाशीची, माझ्या शेजारी बसली आणि हिंदीत म्हणाली, कर्नलसाब, तुमच्या फॉर्मचा पहिला प्रश्न काय होता? मी म्हटलं, एम्प्लॉयी आय.डी. ती म्हणाली, बस. आणि ताक पीत बसली.

मला जरा वेळ लागला समजायला.

फौजेत एक सवय लागलेली असते. नकाशावर विश्वास ठेवायचा नाही, जमिनीवर जाऊन बघायचं. तेव्हा मी रात्रीच्या कॅबमध्ये बसायचं ठरवलं. न सांगता, कधी या रूटवर, कधी त्या. सहा-सात आठवडे हे केलं. सुरुवातीला कुणी बोलत नव्हतं. म्हातारा साहेब गाडीत बसला म्हणजे काहीतरी चौकशी असणार. मग हळूहळू बोलायला लागल्या. लातूरकडची एक मुलगी होती, ती ऑफिसात मला 'सर' म्हणायची आणि गाडीत बसली की नकळत 'काका'.

ती म्हणाली, "काका, तुमचा तो लास्ट ड्रॉपचा नियम आहे ना, त्याच्यापायी मी रोज पाऊण तास उशिरा पोचते."

कसं ते बघा. तिचं घर रूटवर सगळ्यात लांब. गार्ड कमी. म्हणून गार्ड दुसऱ्या गाडीतून मोकळा होईपर्यंत तिची गाडी वाटेत थांबून राहायची, किंवा गाडी उलटी फिरवून तिला आधी सोडायचे आणि मग तिच्या मागच्या दोघांना. मग ते वैतागायचे. पहाटे साडेतीनऐवजी सव्वाचारला दार वाजलं की सासरी प्रश्न. "सासू म्हणते, असली नोकरी सोड. नियम माझ्या सुरक्षेसाठी आहे, हे मी त्यांना काय सांगू?"

पण तिचा खरा मुद्दा हा नव्हता. तो तिनं तिसऱ्या की चौथ्या रात्री सांगितला. गार्डचा खर्च टीमच्या बजेटमधून जायचा. तेव्हा टीम लीड लोकांनी सोपा उपाय काढला. रात्रीच्या रोस्टरवर बायकांना शक्यतो ठेवायचंच नाही. तोंडानं म्हणायचं, "तुम्हाला त्रास नको म्हणून." दिवसपाळी म्हणजे सुखच की, असं आपल्याला वाटेल. मला वाटलंही. मग तिनं हिशेब मांडला. रात्रपाळीचा भत्ता गेला. बरं, भत्त्याचं सोडा. अमेरिकेतला क्लायंट रात्री फोनवर असतो. त्याच्याशी जो बोलतो, त्याला क्लायंट नावानं ओळखतो. वर्षाच्या शेवटी क्लायंटची ई-मेल येते, अमुक यांनी अडचणीत फार छान काम केलं. प्रमोशनच्या फाइलला ती ई-मेल लागते. दिवसपाळीवालीला ती येत नाही. आणि मग म्हणतात, हिला क्लायंट सांभाळायचा अनुभव नाही.

मंडळी, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आउटर रिंग रोडचे दिवे जात होते आणि मला आठवत होत्या दोन ताडपत्र्या आणि एक खड्डा.

पण आठवलं एवढंच. लगेच शहाणपण आलं असं नाही. ते यायला अजून वर्ष गेलं.

त्या वर्षात मी खूप बायकांशी बोललो, आणि एक सांगायला हवं, त्यांचं एकमत कशावरच नव्हतं. आपण म्हणतो 'स्त्रियांचं म्हणणं', जणू काही ते एकच आहे. पाळीच्या रजेचं घ्या. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस अशी रजा आहे, आणि मला वाटायचं हे ऐकून सगळ्या खूश होतील. कॉल फ्लोअरवरच्या तरुण मुली निम्म्या बाजूनं, निम्म्या कडकडून विरुद्ध. "मग आम्हाला घेणारच नाहीत, सर." एक म्हणाली, रजेचं राहू दे, दोन कॉलच्या मध्ये पाच मिनिटं उठलं तर माझा स्कोअर घसरतो, तेवढं बंद करा. मातृत्व रजेबद्दल तर जुन्या बायका नव्यांवर रागावलेल्या. आम्ही बारा आठवड्यांत परत आलो, दूध येत होतं तरी आलो, आणि या सव्वीस घेऊन वर वर्क फ्रॉम होम मागतात. त्या रागात बरंचसं दुःख होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

अंतर्गत समितीकडं एकही तक्रार येत नव्हती आणि मी ते अभिमानानं अहवालात लिहायचो. कारण काय निघालं? समितीची खोली काचेची होती, एच.आर.च्या समोर. कोण आत गेलं हे सगळ्या मजल्याला दिसायचं. खोली बदलली. पुढच्या तीन महिन्यांत दोन तक्रारी आल्या, आणि वरच्या साहेबांनी मला विचारलं, अचानक वातावरण बिघडलं कसं?

साफसफाईच्या बायकांचं तर नावच कुठल्या धोरणात नव्हतं. त्या कंत्राटदाराच्या. जिराफवाल्या पाळणाघराची फरशी पुसणारी बाई स्वतःची मुलगी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसवून यायची. मी दोन मुलं गुपचूप पाळणाघरात घेतली. ऑडिटमध्ये ते निघालं, विम्याचा प्रश्न आला, बंद करावं लागलं. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

२०१८ चा मार्च. वार्षिक रेटिंग. ज्यांनी कंपनीत काम केलंय त्यांना बेल कर्व्ह माहीत असेल. ठरावीक टक्केच लोकांना वरचं रेटिंग, बाकीच्यांना मधलं, काहींना खालचं. सगळे चांगले असले तरी कुणीतरी खाली जायलाच हवं. माझ्या विभागात ट्रान्सपोर्ट सांभाळणारी एक मुलगी होती, मूळची विजयवाड्याची. एप्रिल ते सप्टेंबर तिनं कॅबचं सगळं कंत्राट नव्यानं बसवलं होतं, खर्च खाली आणला होता. ऑक्टोबरपासून सव्वीस आठवडे बाळंतपणाच्या रजेवर. दुसरा एक मुलगा, फॅसिलिटीज बघणारा. काम ठीकठाक, पण वर्षभर हजर. वरचं रेटिंग एकच उरलेलं.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "त्याला द्या. त्याचं प्रमोशन यंदा आहे. ती रजेवरच आहे, तिला यंदा तसाही उपयोग नाही."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी गप्प झालो. तेच वाक्य होतं. सोळा वर्षांनंतर, दुसऱ्या शहरात, वर्दीशिवाय. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, एच.आर.वाली मुलगी लिहूनसुद्धा मोकळी झाली. मी म्हटलं, थांबा, मला एक दिवस द्या.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला दर शाळेत हेच सांगायचे. बाई, तुमची बदली होणारच, तुम्हाला कन्फर्म करून काय उपयोग?" मला हे माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ती हे कधी बोलली नव्हती, आणि मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सहा महिन्यांचं काम आणि बारा महिन्यांचं काम शेजारीशेजारी मांडलं. महिन्याला किती झालं ते काढलं. वरचं रेटिंग तिला गेलं. मुलाला मधलं. तो माझ्याकडं आला, चिडलेला. "सर, मी वर्षभर राबलो आणि ती घरी होती." मी त्याला कागद दाखवला. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. त्याचं प्रमोशन वर्षभर लांबलं. त्याच्याही घरी हप्ते होते. हे असं असतं. कुणाचंही काही न जाता समानता आणू असं जे सांगतात, त्यांनी बेल कर्व्ह भरलेला नसतो.

२०२० च्या सुरुवातीला कंपनी सोडली. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, बबिता पुनिया खटल्याचा. त्यामागं दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल होता आणि दहा वर्षांची लढाई. न्यायालयानं सांगितलं, सेवेतल्या शॉर्ट सर्व्हिसच्या स्त्री अधिकाऱ्यांचा कायम कमिशनसाठी विचार करा, आणि कमानीच्या जागांवर सरसकट बंदी चालणार नाही. सरकारतर्फे जी टिपणी दिली होती, तीत एक मुद्दा असा होता की जवान बहुतेक ग्रामीण भागातून येतात, स्त्री अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायची त्यांच्या मनाची तयारी नाही. मला माझे हरियाणाचे सुभेदारसाहेब आठवले. तयारी कुणाची नव्हती, ते मला चांगलं ठाऊक होतं.

पण मला बसायला लावलं ते पुढच्या वर्षीच्या निकालानं. २५ मार्च २०२१, नितीशा खटला. पहिल्या निकालानंतर फौजेनं बोर्ड बसवलं आणि बऱ्याच स्त्रिया अपात्र ठरल्या. का? चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना वैद्यकीय तपासणीत तो निकष लावला, जो त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांनी पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, तरुणपणी पार केला होता. आणि गुणांसाठी त्यांचे जुने गोपनीय अहवाल काढले. न्यायालयानं त्यावर बोट ठेवलं. हे अहवाल ज्या काळात लिहिले, त्या काळात या स्त्रियांना कायम कमिशन मिळणारच नव्हतं, त्यामुळं लिहिणाऱ्यांनी ते त्या नजरेनं लिहिलेच नव्हते. आता त्याच आकड्यांवर त्यांना पुरुषांशी तोलायचं, हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. नियम दिसायला सगळ्यांना सारखा, पण त्याची झळ एकाच बाजूला.

मी तो निकाल सगळा वाचला, रात्री दोन वाजेपर्यंत. माझं नाव त्यात कुठं असण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिथं जे 'लिहिणारे' आहेत, त्यातला एक मी. माझी कॅप्टन त्या खटल्यात नव्हती, ती केव्हाच बाहेर पडली होती. तिच्या बॅचच्या आगेमागे ज्या टिकून राहिल्या, त्यांचे आठ कुणीतरी माझ्यासारख्यानंच लिहिलेले. प्रत्येकानं चांगल्या हेतूनं, प्रत्येकानं चहा मागवून.

तेव्हापासून पुष्कळ झालं. २०२३ च्या सुरुवातीला खास निवड मंडळानं १०८ स्त्रियांना कर्नल केलं, आणि त्या युनिटच्या कमानीवर गेल्या. ३० मे २०२५ ला माझ्या एन.डी.ए.मधून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. टी.व्ही.समोर बसून पाहिलं. त्यांचे अहवाल लिहिणारे आज कुठंतरी लेफ्टनंट कर्नल असतील. त्यांच्यापैकी कुणी हे ऐकत असेल तर बरं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी तिचा नंबर शोधून काढला. ती आता पुण्यात असते, एका खासगी संस्थेत मोठ्या हुद्द्यावर. करोनाचे दिवस होते, आधी पाच मिनिटं तेच बोलणं झालं. मग मी सांगितलं, मी तुला आठ दिले होते. ती हसली. म्हणाली, "सर, मला माहीत आहे, सही केली होती मी."

"रागावली होतीस का?"

"नाही. नऊचा मला काही उपयोग नाही, असं मलाही वाटत होतं तेव्हा. आता विचार केला की त्याचं जास्त वाईट वाटतं."

मग म्हणाली, "आकड्याचं जाऊ द्या. तुम्ही मला पुढं पाठवलं नाहीत, ते मात्र मी विसरले नाही. मी सेंटरमध्ये बसून रोज रात्री पुढच्या डिटॅचमेंटचा सेट ऐकायचे. तो काय चूक करतोय ते मला इथून कळायचं."

मी तिला २०१८ ची गोष्ट सांगितली. ट्रान्सपोर्टवाली मुलगी, फॅसिलिटीजवाला मुलगा, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ज्याचं रेटिंग खाली गेलं, त्या मुलाला तुम्ही बोलावून कारण सांगितलंत?"

म्हटलं, "हो. कागद समोर ठेवून."

थोडा वेळ ती काही बोलली नाही.

"मला नव्हतं सांगितलंत, सर."

मी म्हटलं, "नव्हतं सांगितलं."

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर लिहून पाठवा, आणि आय.डी. वगैरे काही लिहू नका.